गच्चीवरून गेलेली तार

आत्याच्या घरावर वरची खोली चढवायचे ठरले. नकाशा झाला, नगरपालिकेचा परवाना आला, वाळूचा ट्रक दारात उलटला. कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आले की पश्चिमेच्या कोपऱ्यात, गच्चीपासून जेमतेम छातीच्या उंचीवरून, एक काळी केबल गेली आहे. ती काही काल आलेली नव्हती. वीस वर्षे तिथेच होती. तिच्यात पतंग अडकले होते, तिच्यावर कावळे बसले होते, उन्हाळ्यात पापडांची खाट सरकवताना घरातल्या प्रत्येकाने तिच्याखाली मान वाकवली होती. मान वाकवायची सवय झाली की अडथळा दिसेनासा होतो. स्लॅबला मात्र मान वाकवता येत नाही.

मिस्त्रीने उभ्या उभ्या तीन तोडगे सांगितले. पहिला, "मावशी, बांबूला बांधून वर उचलतो, स्लॅब पडला की सोडून देऊ." दुसरा, "भिंतीत पाइप ठेवतो, जाऊ दे आरपार." तिसरा सांगताना त्याने आवाज खाली केला, "कापून टाकू. ज्याची असेल तो येईल बोंबलत, मग कळेलच कोणाची ते."

हे तिन्ही तोडगे गावोगाव वापरले जातात. भिंतीतून आरपार गेलेल्या केबली आणि कठड्याला सुतळीने बांधलेल्या केबली तुम्हीही पाहिल्या असतील. तिन्ही का फसतात हे कळायला तारेबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: तिच्यातून काय वाहते, ती किती ताणलेली आहे आणि ती कोणत्या हक्काने तिथे आहे.

आधी ओळख

गावातल्या खांबांवर आज चार जातींच्या तारा एकत्र नांदतात: विजेच्या, टेलिफोनच्या तांब्याच्या, इंटरनेटच्या फायबरच्या आणि केबल टीव्हीच्या. यांतली पहिली जीव घेते, म्हणून आधी तिची शंका फेडायची. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसलेल्या उघड्या ॲल्युमिनियमच्या तारा कोणीही ओळखेल. फसवते ती एरियल बंच केबल. काळ्या आवरणातल्या जाड तारांचा पीळ घातलेली ही केबल वीजचोरीला आळा घालायला आणि तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून वस्त्यांत टाकतात. लांबून ती टेलिफोनच्या जाड केबलसारखीच दिसते. काळे आवरण दिसले म्हणून केबल टेलिफोनची, असे समजू नये.

खात्रीचा मार्ग म्हणजे तारेच्या मागे चालत जाणे. दोन्ही टोके डोळ्यांनी गाठायची. ट्रान्सफॉर्मरकडून निघून मीटरकडे जाणारी तार विजेची. लोखंडी खांबावरच्या लहान पेटीतून निघणारी टेलिफोनची. इथे शब्दाचाही एक घोटाळा आहे. वीजवाले 'डीपी' म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रान्सफॉर्मर येतो. टेलिफोनवाल्यांची 'डीपी' म्हणजे ती खांबावरची पेटी, जिथे मोठ्या केबलच्या जोड्या सुटतात आणि घरोघरी जातात. फोनवर तक्रार नोंदवताना नुसते 'डीपीपासून केबल आली आहे' म्हटले तर चुकीच्या खात्याचा माणूस शिडी घेऊन येऊ शकतो. खांबावर वेटोळे करून टांगलेली केबल आणि शेजारी बाटलीएवढी काळी बंद डबी दिसली, तर ती बहुधा फायबरची.

टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीत एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. घंटी वाजते तेव्हा त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट दाब चढतो. उघड्या जोडणीवर बोट असताना नेमका कोणाचा फोन आला, तर लाइनमनला झटका बसतो. अशा वेळी जीव सहसा जात नाही, तोंडातून शिवी मात्र जाते. फायबरमध्ये वीज नसतेच. आत १२५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाहून थोडाच जाड, काचेचा तंतू असतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. म्हणून तुटलेल्या फायबरचे टोक डोळ्यासमोर धरून 'चालू आहे का' हे पाहू नये.

मेलेल्या तारांचा प्रश्न वेगळा आहे. घरोघरचे जुने फोन गेले, पण त्यांच्या तारा खांबांवरच राहिल्या. कोणाचे बिल येत नाही, कोणी उतरवतही नाही. अशी तार निरुपद्रवी वाटते, पण ती धातूची आहे. पुढे कुठे तरी विजेच्या तारेला ती टेकलेली असेल, तर तुमच्या गच्चीवर ती जिवंतच असते. म्हणून लाइनमन येईपर्यंत मेलेली तारसुद्धा जिवंत समजावी.

झोळाचा हिशेब

आता बांबूचा तोडगा. दोन खांबांमधली तार कधीच सरळ नसते, ती झोळ खाते. बघणाऱ्याला तो ढिसाळपणा वाटतो आणि मिस्त्रीला वाटते, थोडी खेचली की बसेल वर. पण झोळ हा मुद्दाम ठेवलेला असतो आणि त्याच्यामागे गणित आहे.

समजा, दोन खांबांत ४० मीटर अंतर आहे. मीटरला ६० ग्रॅम वजनाची केबल आहे, म्हणजे पूर्ण पल्ल्यात तिचे वजन २ किलो ४०० ग्रॅम. मध्यावर झोळ ६० सेंटिमीटर. या स्थितीत केबल दोन्ही खांबांना साधारण २० किलो वजनाच्या जोराने ओढते. आता तीच केबल खेचून झोळ १० सेंटिमीटरवर आणा. ओढ किती होईल? १२० किलो. अर्धा मीटर उंची मिळवायला ताण सहापट झाला. केबल पूर्ण आडवी, दोरीसारखी सरळ करायची म्हटली तर ताण अमर्याद वाढतो. म्हणजे आधी केबल तुटेल नाही तर खांब वाकेल. ओळीच्या शेवटच्या खांबाला मागून जो तिरका तणावा दिलेला असतो, तो याच ओढीला तोलण्यासाठी. घराच्या कामात अडतो म्हणून तो तणावा सोडणे म्हणजे खांबाचा पाय काढून घेणे.

याच हिशेबातली दुसरी गंमत अशी. ६० सेंटिमीटर झोळ खाणारी ही केबल दोन खांबांतल्या सरळ अंतरापेक्षा किती लांब असते? फक्त २.४ सेंटिमीटर. चाळीस मीटरमध्ये अंगठ्याच्या पेराएवढी जास्त लांबी, आणि तेवढ्यानेच मध्यावर दोन फूट झोळ! म्हणूनच तारेत थोडासा फरक पडला की उंचीत मोठा फरक दिसतो. धरून ठेवणारी पोलादी तार डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३० अंशांनी तापली तर जेमतेम दीड सेंटिमीटर वाढते, पण झोळ सुमारे १५ सेंटिमीटर खाली येतो. हिवाळ्यात सकाळी मोजून 'स्लॅबपासून बसते बरोबर' असे म्हणणाऱ्याचा उन्हाळ्यात हिशेब चुकतो. माप घ्यायचे तर भर दुपारी, आणि त्यातही काही सेंटिमीटर हातचे राखून.

बांबूने उचललेली केबल ज्या ठिकाणी बांबूला टेकते तिथे तिचे कोपर होते. सगळा भार त्या एका बिंदूवर येतो, वारा तिला तिथेच घासतो आणि काही महिन्यांत आवरण फाटते. तांब्याच्या केबलमध्ये मग पाणी शिरते आणि पावसाळ्यात पूर्ण गल्लीचे फोन खरखरू लागतात. फायबरला तर तीव्र वळणच चालत नाही; वळणावर प्रकाश बाहेर सांडतो आणि शेजारच्याचे इंटरनेट का मंदावले, याचा शोध घेत तंत्रज्ञ तुमच्या बांबूपाशी येऊन उभा राहतो.

पाइपातून आरपार नेण्याचा तोडगा यापेक्षा वरवर सुबक वाटतो. पण दुसऱ्याच्या मालकीची केबल तुमच्या भिंतीत कायमची घर करते. ती बदलायची वेळ आली की तुमच्या खोलीत शिडी लागते. पाइपाच्या कडेने पावसाचे पाणी आत झिरपते. शिवाय ताणलेली तार भिंतीला सतत हिसके देत असते. घर विकायला काढले तर खरेदीदाराचा पहिला प्रश्न तिच्याचबद्दल असतो.

ज्याची जमीन त्याचे आकाश?

आत्याचा सवाल साधा होता: "जागा माझी, घर माझं, मग माझ्या डोक्यावरून तार नेली कोणी, आणि कोणाला विचारून?"

हा सवाल टेलिफोनइतकाच जुना आहे. मुंबई, कोलकाता आणि मद्रास या शहरांत २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी शहरांत टेलिफोनच्या तारा घरांच्या छपरांवरून जात. छपरावर लोखंडी आधार रोवायचा आणि एका घराच्या माथ्यावरून दुसऱ्या घराच्या माथ्यावर तार टाकायची. साहजिकच भांडणे झाली. युरोपीय कायद्यात एक जुने लॅटिन सूत्र होते: ज्याची जमीन, त्याचे वरचे आकाश आणि खालचे पाताळ. तारा आल्या आणि हे सूत्र कसोटीला लागले.

१८८४ साली लंडनमधल्या वाँड्सवर्थ भागाच्या स्थानिक मंडळाने युनायटेड टेलिफोन कंपनीविरुद्ध दावा लढवला. कंपनीची तार रस्त्याच्या बरीच वरून, एका बाजूच्या घरावरून दुसऱ्या बाजूच्या घरावर गेली होती. रस्ता आमच्या ताब्यात, म्हणून त्याच्यावरची हवाही आमची, असे मंडळाचे म्हणणे. अपील न्यायालयाने ते मानले नाही. रस्ता म्हणून वापरायला जेवढी उंची लागते तेवढीच मंडळाच्या ताब्यात. त्याच्या वरून, कोणाला धोका न होता जाणारी तार ही मंडळाच्या मालमत्तेतली घुसखोरी नव्हे. निकाल रस्त्यापुरता होता, पण त्यातून एक मोजपट्टी मिळाली: हवेवरचा हक्क वापराच्या उंचीने मोजायचा.

पुढच्याच वर्षी भारतात टेलिग्राफ कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८८५ पासून लागू झाला. तारायंत्रासाठी केलेला हा कायदा टेलिफोनच्या तारांनाही लागू राहिला. त्याच्या कलम १० ने सरकारी तार खात्याला कोणाच्याही जागेखालून, जागेवरून, जागेतून तार नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार दिला. मालकाची संमती ही अट त्यात नाही. मालक आडवा आला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून हुकूम आणण्याची सोय कलम १६ मध्ये आहे. आत्याच्या 'कोणाला विचारून' या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एकशे चाळीस वर्षांपूर्वीच तयार होते: विचारायची गरज नव्हती.

पण त्याच कलम १० मध्ये पुढे दोन बंधने आहेत, आणि तीच घरमालकाच्या कामाची आहेत. पहिले, तार टाकल्याने सरकारला त्या जागेत वापरापुरताच हक्क मिळतो, दुसरा कोणताही नाही. दुसरे, काम करताना कमीत कमी नुकसान करायचे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. वाँड्सवर्थचा निकाल आणि हे कलम शेजारी ठेवून पाहिले तर दोन्हींचा मध्य एकच शब्द आहे: वापर. रस्त्याच्या मालकाची हवा त्याच्या वापराएवढी, आणि तारवाल्याची जागा त्याच्या वापराएवढी. आत्या वीस वर्षे गच्ची पापडांना वापरत होती तोवर दोघांचे वापर एकमेकांना अडत नव्हते. तिला खोली हवी झाली, तिचा वापर बदलला आणि दोन हक्क समोरासमोर आले.

कलम १७

अशा वेळी काय करायचे, हेही १८८५ च्याच कायद्यात लिहून ठेवले आहे, हे फार थोड्या घरमालकांना माहीत असते. कलम १७ सांगते की, खासगी जागेत किंवा जागेवरून तार गेली असेल आणि त्या जागेचा मालक ती जागा अशा रीतीने वापरू इच्छित असेल की तार हलवणे किंवा तिची उंची बदलणे गरजेचे, इतकेच काय, नुसते सोयीचे ठरावे, तर तो तार खात्याला तसे करायला सांगू शकतो. तार टाकताना त्याला भरपाई मिळालेली असेल, तर मागणी करताना त्याने हलवण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांत जी कमी असेल ती भरायची. खात्याने दाद दिली नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. त्याला अर्ज फेटाळता येतो, अटी घालून मान्य करता येतो, आणि त्याचा हुकूम अंतिम.

राजवट ब्रिटिशांची, खाते सरकारी, तरीही 'मला घर वाढवायचे आहे, तुमची तार उचला' असे म्हणायची मुभा रयतेला कागदावर होती. वापरापुरता हक्क म्हणजे काय, हे या कलमात नेमके दिसते: मालकाने जागेचा नवा वापर काढला की तारेने सरकायचे.

मर्यादाही त्याच मजकुरात दडल्या आहेत. हक्क 'तसे करण्याचा अधिकार असलेल्या' माणसाचा आहे. जी खोली परवान्याविना बांधायची आहे तिच्यासाठी तार हलवा, असे म्हणता येत नाही. आणि तार तुमच्या जागेवरून गेलेली हवी. ती सार्वजनिक रस्त्यावरून जात असेल आणि तुमची नवी गॅलरीच रस्त्यावर पुढे काढली असेल, तर अडथळा तार नसून गॅलरी आहे.

काळ बदलला. तार खात्याच्या वारशातून १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम आणि २००० मध्ये उरलेल्या देशासाठी भारत संचार निगम निघाले. खासगी कंपन्या आल्या. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली शेवटची तार स्वीकारली गेली. मराठीत 'तार' या शब्दाचे दोन अर्थ होते, त्यांतला एक त्या रात्री इतिहासजमा झाला. खांबावरचा मात्र राहिला. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्यातली मार्गाधिकाराची कलमे २६ जून २०२४ पासून अमलात आली आणि त्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. नव्या चौकटीत खासगी जागेतून जाळे न्यायचे तर कंपनीने मालकाशी बोलून करार करायचा असतो. मालक तयार नसेल आणि सार्वजनिक हिताची गरज असेल तर सरकार मध्ये पडू शकते. आज नवी केबल गच्चीवरून न्यायला कोणी आला, तर 'थांबा, आधी कागद दाखवा' असे म्हणायची जागा आत्याला आहे.

तिसऱ्या तोडग्याचे, म्हणजे कापून टाकण्याचे, उत्तरही कायद्यात आहे. जुन्या कायद्याच्या कलम २५ नुसार तार मुद्दाम तोडणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. नव्या कायद्यातही जाळ्याचे नुकसान करणाऱ्याला भरपाई आणि दंड दोन्ही आहेत. व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा: ५० जोड्यांची केबल तोडली म्हणजे १०० तारा एकेक करून पुन्हा जुळवायच्या. फायबर असेल तर प्रत्येक तंतू यंत्रात धरून, वितळवून जोडावा लागतो. मिस्त्रीचे अर्धे मिनिट वाचते, आणि त्याच्यापायी दुसऱ्या कोणाचा तरी दिवस जातो.

तार आधी, सळई नंतर

या प्रकरणातला सर्वांत महाग घटक पैसा नसून क्रम आहे. परवान्याच्या नकाशावर अशी तार सहसा कोणी दाखवत नाही. मग सळया उभ्या राहतात, सेंट्रिंगचे भाडे चालू होते, सिमेंटच्या गोण्या ओल धरायला लागतात आणि त्या घाईत मिस्त्रीचे तोडगे शहाणपणाचे वाटू लागतात. तीच केबल चार महिने आधी दिसली असती तर एका पत्राने काम झाले असते.

म्हणून वास्तुविशारद जागेवर येतो त्याच दिवशी त्याला वर बघायला सांगा. गच्चीवरून आणि जागेच्या हद्दीवरून जाणारी प्रत्येक तार नकाशावर तुटक रेषेने काढून घ्या, उंचीसकट. उंची मोजताना तारेला टेप किंवा काठी लावायची नाही. दूर उभे राहून, गच्चीवर उभ्या माणसाच्या उंचीशी ताडून अंदाज घ्यायचा, नाही तर लेझरचे मोजमाप यंत्र वापरायचे.

मग मालक शोधा. दूरसंचार केबलच्या आवरणावर ठरावीक अंतराने मजकूर छापलेला असतो: बनवणाऱ्याचे नाव, वर्ष, लांबीचे आकडे, आणि पुष्कळदा जिच्यासाठी ती बनवली त्या कंपनीचे नाव. दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ ओढून ते वाचता येते. खांबावर किंवा पेटीवर रंगवलेला क्रमांकही टिपून ठेवा. लाइनमनला तुमच्या पत्त्यापेक्षा तो क्रमांक लवकर कळतो.

केबल किती मोठ्या कामाची आहे, यावर पुढचे ठरते. पेटीतून निघून एकाच घराकडे जाणारी बारीक तार असेल तर ती बहुधा शेजाऱ्याचीच असते. त्याच्याशी चहा घेत बोला. त्याने आपल्या कंपनीकडे मार्ग बदलायची विनंती केली, तर काम अर्ध्या दिवसाचे. खांबाकडून खांबाकडे जाणारी जाड केबल असेल तर अर्ज लागतो. अर्जाला चारही बाजूंचे फोटो जोडा, परवान्याची प्रत जोडा, स्लॅबची अंदाजे तारीख लिहा, आणि 'तार काढा' असे न लिहिता नेमके काय हवे ते लिहा: अमुक मीटरने उंची वाढवावी, किंवा रस्त्याच्या कडेने मार्ग बदलावा. खर्चाचा अंदाज लेखी मागा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. पुढे जिल्हाधिकाऱ्यापर्यंत जायची वेळ आली तर त्या पोचेच्या तारखेपासूनच तुमचे म्हणणे सुरू होते.

कंपनीचा माणूस पाहणीला येईल तेव्हा त्याच्यासमोर चार पर्याय असतात. उंच खांब किंवा खांबाच्या माथ्यावर लोखंडी ब्रॅकेट. रस्त्याच्या कडेने वळसा. तुमच्याच नव्या भिंतीवरून, छज्ज्याखालून क्लिपांनी बांधून. किंवा जमिनीखालून पाइपात. भिंतीवरून न्यायचा पर्याय सर्वांत स्वस्त असल्यामुळे तोच आधी सुचवला जातो. मान्य करायला हरकत नाही, पण पुढे भिंत रंगवायची, खिडकी काढायची झाली तर केबल कोण आणि कोणाच्या खर्चाने हलवेल, हे आताच कागदावर आणा.

जमिनीखालचा पर्याय निघाला किंवा नव्या खोलीसाठी पाया खणायचा असेल, तर फावडे मारण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप पाहा. मार्च २०२३ मध्ये ते सुरू झाले. खणणाऱ्याने आधी कळवायचे आणि त्या जागेखाली कोणाच्या केबली, वाहिन्या आहेत हे त्या-त्या मालकांनी सांगायचे, अशी त्याची रचना आहे. डोक्यावरचे संकट टाळून पायाखालचे ओढवून घ्यायला नको.

तार विजेची निघाली तर

पाहणीत तार विजेची निघाली, तर वरचे सारे बाजूला ठेवा. इथे अंतराचे नियम पक्के आहेत. ६५० व्होल्टपर्यंतची वाहिनी, म्हणजे गल्लीतली नेहमीची, सपाट गच्चीपासून किमान २.५ मीटर वर आणि भिंतीपासून किमान १.२ मीटर दूर हवी. ११ हजार व्होल्टची असेल तर वर ३.७ मीटर. आणि वरचे अंतर मोजायचे ते तार जास्तीत जास्त झोळ खाते तेव्हाचे, बाजूचे मोजायचे ते वाऱ्याने ती जास्तीत जास्त झुलते तेव्हाचे. झोळाचा तो हिशेब इथे जीवन-मरणाचा होतो. अशा वाहिनीजवळ बांधकाम वाढवायचे तर वीज वितरण कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला मापाच्या नकाशासह आधी लेखी कळवावे लागते.

तयार खोलीपेक्षाही धोका बांधकामाच्या दिवसांत जास्त असतो. सळई बाजारात १२ मीटर लांबीची मिळते. खालून गच्चीवर उभी चढवताना ती एका बाजूला कलली की तिचे टोक गच्चीच्या कितीतरी वर हवेत फिरते आणि धरणाऱ्याचे लक्ष त्याच्या हातातल्या टोकाकडे असते. ओला बांबू, परांचीचा लोखंडी पाइप, भिजलेली दोरी यांचेही तेच. वाहिनी हलेपर्यंत त्या बाजूला माल चढवायचा नाही, हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

वेटोळे

आत्याची केबल विजेची नव्हती. काळ्या आवरणावरचे अक्षर भाच्याने मोबाइलमध्ये ओढून वाचले. ती दोघांची निघाली: एक तांब्याची जुनी, जिच्यावरचे सगळे फोन कधीच बंद झालेले, आणि तिच्याच अंगावर नंतर कोणी गुंडाळलेली फायबरची. तांब्याच्या तारेच्या भरवशावर फायबर लटकत होते, म्हणून मेलेली तार उतरवायला कोणी धजत नव्हते. अर्ज दोन गेले, पोच दोन आल्या. सेंट्रिंगचे भाडे सोळा दिवसांचे बसले; ते क्रम चुकल्याचे मोल.

सतराव्या दिवशी लाइनमन आला. खांबाच्या माथ्याला त्याने ब्रॅकेट बसवले, फायबर उतरवून रस्त्याच्या बाजूने फिरवले आणि तांब्याची केबल खाली सोडून तिची गुंडाळी केली. आत्याने चहा दिला. तो कपाला फुंकर मारत खांबाकडे पाहत होता. तिथे त्याने फायबरचे चार-पाच वळशांचे एक वेटोळे टांगून ठेवले होते.

"एवढी जास्त कशाला ठेवली?" आत्याने विचारले.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला, "पुढच्या मजल्याला लागेल."